न्यूट्रल

पाचची कळमनुरी गेटाबाहेर पडली
की हिंगोली आगारात आम्ही टायर सेक्शनला जमतो.
बसायला स्टेपन्या. चहा कॅन्टीनचा, उधारीवर.

रज्जाकमामूच्या बेंजोची दोन बटणं तुटलेली,
तिथं टूथब्रशचे दांडे कापून बसवलेत,
एक हिरवा, एक गुलाबी.
पाईकरावच्या की-बोर्डचे हप्ते अजून फिटायचेत.
प्रयाग खंदारे कंडक्टर. तिकिटाचं मशीन आलं
तरी जुना पंच तिनं जमा केला नाही,
पत्र्यावर टक टक वाजवते,
कणभर इकडचं तिकडं होत नाही.
आणि ढोलकीला मी.

मी मेकॅनिक. आयडलिंग कानानं लावतो.
बॉनेटवर तळहात टेकवला की सांगतो
कुठला इंजेक्टर उसासतोय.
पण तोच तळहात चामड्यावर पडला
की दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं
धापा टाकायला लागतं.

"कुठं पळायलास बे?" मामू बोटं उचलतो.
"चढावर नीट असतोस. अवघड जागी तुझी लय
दगडावानी. सोपं आलं की सुटतोस.
उतारावर गाडी न्यूट्रल करणारा डायव्हर हायस तू.
डिझेल वाचतं, ब्रेक जातो."

प्रयाग काही म्हणत नाही.
ती तिच्या वेळेला टक करते
आणि मी अर्धी मात्रा पुढं उभा असतो,
स्टॉप सोडून थांबलेल्या गाडीसारखा.

घरी मांडीवर ठेका धरला तर पोरगी म्हणाली,
बाबा, पाचव्या मात्रेला तुम्ही श्वास का रोखता?

पाचवी म्हणजे खाली. तिथं धुमा गप्प.
दोन दिवस पाना हातात धरून विचार केला.
खरं आहे तिचं. त्या रिकाम्या जागेत मला वाटतं
सगळे माझ्याकडंच बघायलेत,
म्हणून ती जागा मी उरकून टाकतो,
लहानपणी अंधाऱ्या बोळातून जायचो तशी.

मग वाकळेसाहेबांचा निरोप समारंभ.
एकतीस वर्षं टाइमकीपर.
लाल शाईनं किती गाड्यांपुढं "उशिरा" लिहिलं असेल
त्यांनाही सांगता यायचं नाही.
वर्कशॉपातच मंडप. डिझेलच्या वासाची सतरंजी,
टेबलावर शाल, नारळ, हारातून निसटलेला शेवंतीचा एक तुकडा.

दुसऱ्या कडव्याला लाईट गेली.
माईक गेला. की-बोर्ड गेला,
आणि त्याच्या डबीत बसून इतके दिवस
मला सांभाळणारा तो आयता ठेकाही.
राहिलं काय, तर टूथब्रशचे दांडे, एक पंच
आणि हा माझा पळपुटा हात.

खाली आली.
मी हात उचलला
आणि उचललेलाच ठेवला.

ती जागा केवढी मोठी होती.
मामूचा श्वास होता तिच्यात,
बंद की-बोर्डमागं हलणारी पाईकरावची चप्पल,
मागच्या रांगेत कुणाच्या तरी लेकराचं खुळखुळं.
कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं. दिसत कुणाला होतं?

मग टक.
त्या टकवर मी उतरलो.

गाणं संपल्यावर लाईट आली.
साहेबांनी सवयीनं मनगटाकडं बघितलं.
सहा वर्षं कंट्रोलच्या खिडकीतून त्यांनी आम्हाला ऐकलेलं,
कितीला सुरू, कितीला बंद,
नोंदवहीच्या मागच्या पानावर मांडलेलं.
सत्काराच्या पाकिटातले पैसे खिशात घातले
आणि रिकाम्या पाकिटावर लिहून मला दिलं :
"वेळेच्या अकरा सेकंद अगोदर.
शेरा : सर्व प्रवासी सोबत."

मामू खदखदून हसला. प्रयागनं पाकीट उलटसुलट करून
तिकिटासारखं पंच केलं.

मी मात्र हिशेब मांडत बसलो.
अकरा सेकंद. कुठं गेले?
शेवटच्या कडव्यात असणार. सोपं आहे ते,
आणि लाईट जाऊनही आपण तरलो
याचा आनंद झालेला.

उद्या कळमनुरी सुटली की
तिथं गिअरमध्ये ठेवून बघतो.